विहीरवाल्याचं तिसरं कडवं

आमच्या घरात गाणं म्हटलं की मी, असं मी स्वतःच ठरवून टाकलेलं आहे. घरातल्या दोघींचं, म्हणजे बायकोचं आणि मुलीचं, मत वेगळं असू शकतं. मी विचारलेलं नाही. पुण्यात शाळेत असताना अडीच वर्षं गाण्याच्या क्लासला गेलो. शेवटी तिथल्या बाईंनी आईला बोलावून सांगितलं, "मुलगा अतिशय नम्र आहे हो." गाण्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या अडीच वर्षांच्या पुण्याईवर मी गेली एकवीस वर्षं नॉटिंगहॅममधल्या एका पबच्या मागच्या खोलीत गात आलो. गाणं एकच. आणि तेही ऑस्ट्रेलियाचं.

हे कसं झालं ते आधी सांगतो.

चोवीस वर्षांपूर्वी कंपनीनं मला इथे पाठवलं तेव्हा लग्नाला चार महिने झाले होते. बायको व्हिसाची वाट बघत नागपूरला, आणि मी इथे एका घरातली एक खोली भाड्यानं घेऊन. शेजारच्या खोलीत एक ऑस्ट्रेलियन होता, छपरं दुरुस्त करायचा. बोलायचा कमी, पण भांडी घासताना गायचा आणि गाणं संपेपर्यंत हातातलं काम थांबवायचा नाही. स्वतःची भांडी संपली की माझी घ्यायचा. त्यामुळे ते गाणं भरपूर लांब असावं असं मला फार वाटायचं. आठवडाभरात मला ते पाठ झालं.

गाणं एका विहीर खणणाऱ्याचं. कुणी रचलं हे त्यालाही ठाऊक नव्हतं, आजोबांकडून आलं म्हणायचा. कोरडा, सपाट, लाल मातीचा मुलूख. पहिल्या कडव्यात हा माणूस गावोगाव विहिरी खणत हिंडतो. लोक काठावर उभे राहून ओरडतात, आणखी थोडं खोल, गड्या, पाणी खालीच आहे. हे धृपद. दुसऱ्या कडव्यात युद्ध लागतं. जहाजात बसून तो जगाच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथे त्याच्या हातात पुन्हा फावडंच देतात. आधी खंदक खणतो. मग सोबत्यांसाठी खड्डे. साहेब काठावर उभा राहून सांगतो, आणखी थोडं खोल, गड्या. तिसऱ्या कडव्यात तो घरी येतो. दुष्काळ पडलेला असतो. लोक त्याला विहीर खणायला बोलावतात. तो खणायला लागतो, सहा फूट लांब, दोन फूट रुंद. कमरेइतकं खोल गेलं की थांबतो, वर येतो, फावडं पुसतो आणि शेजारी दुसरा खड्डा घेतो. लोक ओरडत राहतात, आणखी थोडं खोल. त्याला ऐकू येतं, कळत नाही. सगळ्या मुलखात असे कोरडे खड्डे पडतात आणि गाणं तिथेच संपतं.

चाल मात्र अशी की पायाशी पाळणा असेल तर आपोआप झोका दिला जावा.

त्यानं मला एकच शिकवण दिली. मी एकदा सिंकपाशी उभा राहून ते गाणं त्याला म्हणून दाखवलं. डोळे मिटले, एक हात पुढे, शेवटच्या ओळीला गळा दाटवला. तो म्हणाला, "पत्र देताना पोस्टमन रडतो का? चेहरा सरळ ठेव. तुझं फक्त पोचवायचं काम आहे." मग तो मेलबर्नला परत गेला आणि मी माझी भांडी घासायला लागलो.

पुढे बायको आली, आम्ही घर घेतलं, आणि कोपऱ्यावरच्या पबमध्ये महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दुपारी लोकगीतांची बैठक असते असं कळलं. बैठक म्हणजे काय, पंधरा-वीस माणसं गोल खुर्च्या टाकून बसतात. माइक नाही, वाद्य बहुतेक नाही. पाळीपाळीनं एकेकानं गायचं आणि धृपद सगळ्यांनी उचलायचं. गाणं जितकं दुःखी तितकं धृपद दणक्यात. मेलेल्या नाविकांसाठी तर खिडक्यांची तावदानं हलतात. आणि एक रीत फार चांगली आहे. गाणारा अडला तर कुणी हसत नाही, चुळबुळ करत नाही. ज्याला पुढची ओळ येते तो हळूच ती ओळ देतो. पुढे न्यायचं की नाही ते अडलेल्यानं ठरवायचं.

पहिल्या दिवशी मी पुण्याची लाज राखायची ठरवली. आधी दीड मिनिट षड्ज शोधला. मग पहिली ओळ तीन वेळा घेतली, तिसऱ्यांदा जरा हरकत घालून, आणि दाद यायची वाट बघत थांबलो. कुणी वा म्हणेना. गाणं तिथल्या निम्म्यांना येत होतं, आणि सगळे बिचारे समजले की मी अडलो. चारी बाजूंनी लोक मला पुढची ओळ देऊ लागले. मी मानेनं नको नको म्हणतोय आणि ते आणखी प्रेमानं देतायत. शेवटी बैठक चालवणारा म्हातारा, पूर्वीचा बस ड्रायव्हर, विणलेलं जाकीट घालून कोपऱ्यात बसलेला असतो तो, म्हणाला, "छान हं, डक. आता आपण चहा घेऊ या का?" इथे कुणीही कुणालाही डक म्हणतं, म्हणजे बदक. मला मात्र त्या दिवशी ते वर्णन वाटलं.

पुढच्या महिन्यात मी चेहरा सरळ ठेवून, प्रत्येक ओळ एकदाच म्हटली. तेव्हापासून मी त्यांचा विहीरवाला.

मुलगी त्याच्या आदल्याच वर्षी झाली होती. आता खरी चूक सांगतो.

मुलगी झोपायची नाही. बायकोला अंगाया येत होत्या, पण त्या ऐकून बायकोच झोपायची. माझ्याकडे पाळण्याच्या चालीचं एकच गाणं होतं. मी म्हटलं, बाळाला कुठे इंग्रजी कळतं, आणि घातलं विहीरवाल्याला कामाला. दहा मिनिटांत पोर गार. दोनेक वर्षं असं चाललं. मग तिला शब्द कळायला लागले आणि बायकोनं एकदा दाराशी उभं राहून अख्खं गाणं ऐकलं.

"पोरीला झोपवून राहिला का घाबरवून?" ती म्हणाली. रागावली की तिचं नागपूर वर येतं. "शेवटी त्या माणसाला झालं काय?"

"काही नाही. खड्डे खणत बसतो."

"शुभ बोल नाऱ्या! लेकरू स्वप्नात काय पाहील? बदल ते."

आमच्याकडे हे रक्तातच आहे. लहानपणी प्रत्येक कहाणी सुफळ संपूर्ण झाल्याशिवाय आई दिवा मालवायची नाही. वाघानं शेळी खाल्ली असेल तर पोट फाडून शेळी बाहेर यायचीच. तेव्हा मी बसलो आणि सगळं गाणं मराठीत केलं. पहिलं कडवं जसंच्या तसं. दुसऱ्यात जहाज ठेवलं, समुद्र ठेवला, खड्डे गाळले. आणि तिसरं कडवं माझं मी रचलं:

परत आला, परत आला, विहीरवाला परत आला,
खणता खणता लाल माती गोड झरा लागला.
गाई प्याल्या, मेंढ्या प्याल्या, प्यालं सारं रान,
नीज बाळे, पाणी लागलं, आता कसली तहान.

काव्य म्हणून याची लायकी मला माहीत आहे. पण "पाणी लागलं" आलं की ती पांघरुणातून एक हात काढून गादीवर थाप मारायची, आणि मग डोळे मिटायची. हे अकरा वर्षांची होईपर्यंत चाललं. पबमध्ये मी तिला कधी नेलं नाही. बायकोला सांगायचो, लहान मुलीला पबमध्ये कशाला. खरं कारण तिसरं कडवं होतं.

गेल्या वर्षी तिनं सिव्हिल इंजिनीअरिंगची डिग्री घेतली. आम्ही म्हटलं आता नोकरी, मग लीड्स की लंडन, मग आम्ही लंडनमधल्या ईलिंगच्या ओळखीच्यांना सांगू की खोली बघा. एका शनिवारी पोहे खाताना ती म्हणाली, "बाबा, मला आर्मीत घेतलं. इंजिनीअर्समध्ये. ऑफिसर ट्रेनिंग, जॅन्युअरीपासून. मी तुला आधी सांगणार होती."

माझ्या तोंडात पोहे होते. ते तिथेच राहिले.

"आर्मीत म्हणजे," बायको म्हणाली, "बंदुकीच्या?"

"आई, दे बिल्ड स्टफ. ब्रिजेस. कॅम्प. पाणीपण. बोअरहोल्स आणि विहीर आणि सगळं." मग माझ्याकडे वळून, अगदी लाडात येऊन म्हणाली, "बाबा, इंटरव्ह्यूमध्ये विचारलं, व्हाय इंजिनीअर्स? मी तुझं गाणं सांगितलं! की माझा बाबा मला एका वेल-डिगरचं गाणं गायचा, एव्हरी नाइट. दे लव्ह्ड इट."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी इथे लिहीत नाही.

नंतरचे तीन महिने आम्ही जे जे आईबाप करतात ते ते केलं. बायको रडली, मग बोलायची बंद झाली, मग फारच गोड बोलायला लागली. मी आधी समजुतीचं बोललो. बातम्या दाखवल्या. म्हटलं, अगं, पूल बांधायला कौन्सिलला माणसं लागत नाहीत का? या शहरातले रस्ते बघ. ती हसली. म्हटलं, शत्रू काय विचारून गोळी मारणार, की बाई तुम्ही पाणीवाल्या का? तेव्हा ती हसली नाही. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "आय नो, बाबा." ती ओरडली असती तर मला काही करता आलं असतं. आय नो म्हणणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं, ते मला जमत नाही.

पुण्याला आईला सांगायचं होतं. आई एक्याऐंशी वर्षांची. फोन हातात धरून बायको आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग माझ्या तोंडून निघालं, "आई, तिला सरकारी नोकरी लागली. इंजिनीअर म्हणून."

"सरकारी!" आई म्हणाली. "पेन्शन आहे का?"

"आहे."

"राहायला देतात?"

"देतात. जेवणखाणसुद्धा."

आईनं सोसायटीत पेढे वाटले.

डिसेंबरात ट्रेनिंगला न्यायच्या सामानाची यादी आली. त्यात इस्त्रीचं टेबल होतं. मी तीनदा वाचलं. बंदुका ते देणार, पण इस्त्रीचं टेबल घरून आणायचं. बायकोनं जाऊन टेबल आणलं, त्याचं कव्हर तिला पसंत पडेना म्हणून बदलून आणलं, आणि मग ते हॉलमध्ये भिंतीला टेकवून उभं केलं. त्या दिवशी मला कळलं की बायको हरली आहे. त्या टेबलाला वळसा घालून मी रोज चपला काढायचो.

माझ्याकडे मात्र एक गोष्ट उरली होती. मला वाटत होतं, या सगळ्याला कारण माझं ते पाणी आहे. नऊ वर्षं मी तिला सांगत आलो की माणूस युद्धाला जातो, जहाजातून समुद्र बघतो, परत येतो आणि गोड झरा लागतो. तेव्हा तिला खरं तिसरं कडवं ऐकवायचं. बोलून नाही, बोललेलं सगळं वाया गेलं होतं. गाऊन. जायच्या आधीचा रविवार नेमका तिसरा होता.

"एकदा ये ना माझ्या बैठकीला," मी म्हटलं. "एवढ्या वर्षांत आली नाहीस."

"तू कधी बोलावलंच नाही!" तिला खरंच आनंद झाला. मला फार वाईट वाटलं, पण तयारी मी चालू ठेवली. ऑस्ट्रेलियनची शिकवण या वेळी बाजूला ठेवायची असं ठरवलं होतं. पत्र पोचवून भागणार नव्हतं, आत घुसून वाचून दाखवायचं होतं. चार दिवस बाथरूमच्या आरशासमोर तालीम केली. "सहा फूट लांब" ला आवाज खाली आणायचा, "फावडं पुसतो" ला थांबायचं, आणि शेवटच्या ओळीला सरळ तिच्याकडे बघायचं. बायकोनं बाहेरून दार वाजवून विचारलं, "पोट बरं आहे ना?"

रविवारी आम्ही तिघं गेलो. बाहेर तीन वाजताच अंधारून आलेलं. आत हीटर भरपूर आणि कुणाच्या तरी खुर्चीखाली ओला कुत्रा. बसवाल्या म्हाताऱ्यानं मुलीचा हात दोन्ही हातांत घेतला. "ए अप, डक!" हा इथला रामराम. "म्हणजे तू विहीरवाल्याची पोर. खरंच आहेस तर. आम्हाला वाटायचं हा थापा मारतो."

"मारतो तो," मुलगी म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो.

गोल फिरत माझी पाळी आली. मुलगी समोर, बायको तिच्या शेजारी पर्स मांडीवर घट्ट धरून. पहिलं कडवं नीट झालं. धृपद सगळ्यांनी उचललं. दुसऱ्या कडव्यात मी हावभाव सुरू केले. बसवाला जरा चमकून बघायला लागला; एकवीस वर्षांत त्यानं मला असं बघितलं नव्हतं. खड्डे आले तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. मराठीत हे खड्डे मी काढून टाकले होते, तेव्हा आता ती दचकेल अशी माझी कल्पना. ती दचकली नाही. कोकच्या ग्लासवर बोट फिरवत ऐकत होती. पुन्हा धृपद. आणखी थोडं खोल, गड्या.

मग तिसरं. तो घरी आला. दुष्काळ. लोकांनी बोलावलं. त्यानं खणायला घेतलं. सहा फूट लांब म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला आठवलं, मुलगी पाच फूट तीन इंच आहे. हे काही गाताना आठवायचं नसतं. पण आठवलं. कपाळाशी तिचे केस कसे वळतात ते दिसलं. तिच्या डाव्या गुडघ्यावर सायकलवरून पडल्याची खूण आहे, ती इथून दिसत नव्हती तरी दिसली. आणि पुढची ओळ गेली. संपूर्ण गेली, शब्द, चाल, सगळं. आरशासमोर ठरवलेल्या थांबायच्या जागा तेवढ्या लक्षात होत्या.

कुणी चुळबुळ केली नाही. बसवाल्यानं ओळ द्यायला ओठ उघडले. त्याच्या आधी समोरून ओळ आली.

ती गात होती. इंग्रजीत. बसल्या जागी, ग्लास तसाच हातात. सहा फूट लांब, दोन फूट रुंद. कमरेइतकं खोल. मी पुढे न्यायला हवं होतं, रीत तीच आहे, पण मला येईना, म्हणून ती गात राहिली. फावडं पुसलं. शेजारी दुसरा घेतला. एकही शब्द चुकला नाही. चेहरा अगदी सरळ. तिला कुणी कधी सांगितलं होतं चेहरा सरळ ठेवायला? मी तर नाही. मी एकवीस वर्षांत एकदाही असं गायलो नव्हतो, आणि ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. शेवटचं धृपद त्यांनी इतक्या जोरात उचललं की कुत्रा उठून उभा राहिला. आणखी थोडं खोल, गड्या, पाणी खालीच आहे. फक्त बायको गात नव्हती.

बसवाल्यानं डोळे पुसले. "पुढच्या महिन्यात येशील ना, डक?"

"पुढच्या नाही," ती म्हणाली. "थोड्या वेळानं."

गाडीत बसल्यावर मी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. बायको मागे बसली होती. वायपर काचेच्या मध्येच थांबलेले.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"काय?"

"तिसरं कडवं."

"ओह. इयर सिक्स." ती सीटबेल्ट लावत होती. "स्कूलमध्ये प्रोजेक्ट होता, घरातलं एक गाणं. मी तुझं सांगितलं. टीचर म्हणाली इंग्लिश वर्ड्स शोधून आण. मग मी शोधलं."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलणार होती. पण त्या दिवशी तू झोपताना पाण्याचं गायलास ना, इतका हॅपी होऊन गायलास. मी म्हटलं, असू दे. बाबाला ते आवडतं." ती जराशी हसली. "म्हणून मी थाप पण मारायची. गादीवर. मी तर इलेव्हन होती, बाबा."

मागून बायकोचा हुंदका आला की खोकला, मला कळलं नाही.

मी म्हटलं, "मग त्या इंटरव्ह्यूत कुठलं सांगितलंस? पाणी लागतं ते?"

"दोन्ही," ती म्हणाली. "खरं काय आहे ते, आणि तू बदललंस ते. आणि का बदललंस ते. तेच त्यांना सगळ्यात आवडलं."

म्हणजे माझ्याकडे शेवटचं जे काही होतं ते सप्टेंबरातच तिकडे पोचलेलं होतं, आणि त्याचे तिला मार्क मिळालेले होते.

"तरी जाणार," मी म्हटलं. विचारलं नाही, नुसतं म्हटलं.

"हो," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "बाबा, गाडी चालू कर ना. आईला थंडी लागत असेल."

मी गाडी चालू केली.

जानेवारीत आम्ही तिला सोडून आलो. कोट घातलेल्या आईबापांची रांग होती आणि प्रत्येक गाडीतून एकेक इस्त्रीचं टेबल निघत होतं. कुणाचं फुलाफुलांचं, कुणाचं चंदेरी. आमचं निळं. एका उंच गोऱ्या बाईनं बायकोला विचारलं, "कव्हर कुठलं हो हे, छान आहे," आणि दोघी कव्हराबद्दल पाच मिनिटं बोलल्या. बोलता बोलता दोघीही रडत होत्या, पण बोलणं कव्हराचंच चाललं होतं. मुलीनं आम्हाला दोघांना वाकून नमस्कार केला, तिथे, सगळ्यांसमोर. हे तिनं आयुष्यात कधी सांगितल्याशिवाय केलेलं नव्हतं. मग टेबल काखेत मारून ती आत गेली. दारातून ते आडवं जाईना. तिनं उभं करून नेलं.

पबमध्ये मी त्यानंतर गेलो नाही. बसवाल्याचा एकदा निरोप आला, खुर्ची रिकामी आहे. मी कळवलं, घसा बसलाय. तेही खोटंच.

फोन रविवारी दुपारी येतो, तोही दर रविवारी नाही. सुरुवातीला पंधरा मिनिटं बोलायची, आता पाच. पुण्याला आई विचारते, नोकरी कशी चालली आहे. मी सांगतो, कामाचं कौतुक होतं. फेब्रुवारीत तीन रविवार फोन आला नाही. चौथ्या रविवारी आला तेव्हा बायको कणीक मळत होती. मी फोन स्पीकरवर टाकला, पण मागे वारा इतका होता की काही कळेना. म्हणून कानाला लावला आणि खिडकीपाशी गेलो.

आवाज बसलेला होता. दमलेली होती.

"काय करता तुम्ही लोक दिवसभर?" मी विचारलं.

"या वीकमध्ये नुसतं खणलं, बाबा. थ्री डेज. झोपच नाही."

"काय खणलं?"

"ट्रेंच. आधी छोटा, एका माणसाचा. आडवा झोपून मावेल एवढा. मग तोच खोल करायचा." ती थांबली. मागे कुणीतरी ओरडत होतं, आणि ती कुणाला तरी "कमिंग" म्हणाली. मग माझ्यासाठी थांबली. मला एकच प्रश्न सुचत होता, आणि तो मूर्ख होता, आणि मी तोच विचारला.

"पाणी लागलं का?"

पलीकडे वारा, आणि कुणीतरी तिला पुन्हा हाक मारली.

"लागलं ना, बाबा," ती म्हणाली. अगदी हॅपी होऊन म्हणाली. "गोड होतं एकदम."

आणि फोन ठेवला.

बायकोनं पिठाचे हात तसेच धरून विचारलं, "काय म्हणत होती?"

"खणत होती म्हणाली. पाणी लागलं म्हणाली."

बायको पुन्हा कणकेकडे वळली. बराच वेळ मळत राहिली. ती कणीक केव्हाच मळून झाली होती.

"खोटं बोलून राहिली," ती म्हणाली. "तुझ्यावरच गेली."